न्यायचे कुठे?



ज्या वकिलांच्या तसबिरीला आपण आताच हार घातला त्यांच्या ओसरीवर बसून मी वकिलीची पहिली चार वर्षे काढली. त्या काळात त्यांनी मला कलमे फारशी शिकवली नाहीत. परंतु फौजदारी प्रकरणाचे कागद हाती आले की निकालपत्राकडे धाव न घेता आधी ठाण्याच्या डायरीतील पहिली नोंद वाचावी, कारण जे काही व्हायचे ते पुष्कळदा तिथेच, कोणा पेंगुळलेल्या अंमलदाराच्या हातून, अवेळी होऊन गेलेले असते आणि पुढे वर्षानुवर्षे चालणारे कोर्टाचे काम म्हणजे त्या नोंदीवरचे भाष्य असते, एवढी एक गोष्ट मात्र त्यांनी माझ्या मनावर कायमची ठसवली. चाळीस वर्षांच्या वकिलीत ह्या म्हणण्याचा प्रत्यय मला पदोपदी आला. त्यांतला सर्वांत बोचरा प्रत्यय नशेच्या आहारी गेलेल्या माणसांच्या बाबतीत आला, आणि म्हणून आजचा विषय मी व्याख्यानमालेच्या चालकांकडून मुद्दाम मागून घेतला. व्यसनी माणूस पोलिसांच्या हाती लागला असता त्याच्यावर खटला भरावा, की त्याला उपचाराच्या वाटेला लावावे? लावायचे तर कोणी, केव्हा आणि कोणाच्या भरवशावर?

विषय पत्रिकेवर छापून आल्यानंतर एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे आज तुम्ही गुन्हेगारांची बाजू घेणार तर!’’ मी म्हटले, ‘‘जन्मभर फी घेऊन घेतली, एक दिवस फुकट घेतो.’’ ते हसले खरे, पण त्यांच्या प्रश्नात जी शंका होती ती आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणार, हे मी गृहीत धरून चाललो आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची, आषाढातली रात्र. एका ट्रकचालकाच्या जामिनाच्या खटपटीत मी तालुक्याच्या एका ठाण्यात बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता, दिवे जाऊन येऊन होते, आणि अशा वेळी एक हवालदार एका मुलाला दंडाला धरून आत घेऊन आला. मुलगा विशी-बाविशीचा. अंगात एकावर एक दोन सदरे, वरून प्लॅस्टिकचे पोते, तरी काकडत होता. नाक गळत होते, डोळे गळत होते, एका जांभईतून दुसरी जांभई निघत होती, आणि मधूनच पोट आवळून तो फरशीवर उकिडवा बसत होता. झडतीत निघालेला सारा मुद्देमाल टेबलावर मांडला गेला तो असा: एक कागदी पुडी, सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचे काळवंडलेले तुकडे, एक काडेपेटी, आणि एसटीचे जुने तिकीट गुंडाळून केलेली ओढण्याची नळी. हवालदाराने त्याला आपल्या कपातला चहा दिला. तो चहा दोन मिनिटांत उलटून पडला. ‘‘मामा, मारायचं तर मारा, पण ही टर्की सोसवत नाय,’’ असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. गर्द, म्हणजे ओढायचे हेरॉईन, वेळेवर न मिळाल्यामुळे शरीराची जी तडफड होते तिला ही मुले टर्की म्हणतात, हे मला त्या रात्री कळले.

हवालदार माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘वकीलसाहेब, केस केली तर हा आत तडफडतो. सोडला तर पुलाखाली तडफडतो. ह्याला न्यायचं कुठं?’’

मला उत्तर सुचले नाही. उगाच कुठेतरी पाहावे म्हणून मी ठाणे अंमलदाराच्या टेबलाकडे पाहिले. त्या टेबलावर काच होती आणि काचेखाली दूरध्वनी क्रमांकांची टंकलिखित यादी होती: तहसीलदार, अग्निशमन, वीज मंडळ, ग्रामीण रुग्णालय, शववाहिका आणि सर्वांत शेवटी सर्पमित्र. पावसाळ्याचे दिवस, वसाहतीत कुठे नाग निघाला की रात्री दोन वाजता त्या सर्पमित्राला फोन जाई आणि तो सायकलवर टांग टाकून येई, हे त्या गावात सर्वांना ठाऊक होते. सापाला न्यायला माणूस होता. ह्या मुलाला न्यायला त्या यादीत कोणीही नव्हते. ग्रामीण रुग्णालयाला फोन लावून पाहिला. तिकडून उत्तर आले की हा पोलीस केसचा मामला दिसतो, आधी कागद करून आणा.

कागद झाला. सकाळी मुलाला कोर्टात उभे केले. पुढे यथाकाळ त्याने गुन्हा कबूल केला, दंड झाला, आणि त्याच्या आईने पदराची गाठ सोडून तो भरला. नोटा दमट होत्या; शिरस्तेदाराने त्या पंख्याखाली पेपरवेटने दाबून ठेवल्या. दिवाळीच्या आत तोच मुलगा, तोच हवालदार आणि तशीच पुडी पुन्हा त्याच ठाण्यात.

‘न्यायचे’ ह्या शब्दाची मला तेव्हापासून गंमत वाटते. नेणे ह्या धातूपासून तो आला आहे, न्याय ह्या शब्दाशी त्याचे वरवरचे साम्य आहे असे आपण समजतो. पण न्याय हा शब्दही ‘नी’ ह्याच धातूपासून आला असे सांगणारेही आहेत. व्याकरण काहीही म्हणो, नेणे आणि न्याय ह्यांचे गोत्र मला एकच वाटते. ठाण्यातल्या त्या हवालदाराला व्याकरण ठाऊक नव्हते, पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता.

आता मुद्द्याकडे येतो. माझा पहिला मुद्दा असा की पोलिसाचा हात माणसाच्या दंडावर पडतो आणि पोलिसाची लेखणी डायरीवर टेकते, ह्या दोहोंमध्ये जो अल्पसा अवधी असतो तो आपल्या फौजदारी व्यवस्थेतील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित अवधी आहे. ह्या अवधीत पोलीस रोज निवाडे करतात. भांडखोर शेजाऱ्यांना समोरासमोर बसवतात, दिव्याविना चाललेल्या सायकलस्वाराला दरडावतात, घरातून पळालेल्या मुलाला त्याच्या काकाच्या स्वाधीन करतात, आणि डायरीत लिहितात, ‘समज देऊन सोडले’. हे शब्द आपल्या पोलीस खात्याच्या भाषेतील अत्यंत सुसंस्कृत शब्द आहेत असे माझे मत आहे. परंतु व्यसनी माणसाच्या बाबतीत ते कामाचे नाहीत. समज देऊन काय उपयोग? जो कार्यकारणभाव तुम्ही त्याला समजावू पाहता तो त्याला तुमच्याहून अधिक ठाऊक असतो. त्याच्या ठायी उणीव असते ती समजेची नसते. म्हणजे समज व्यर्थ, आणि खटलाही व्यर्थ. तिसरी वाट हवी, आणि ती त्याच अवधीत हाताशी असली पाहिजे.

त्याच अवधीत का, ह्याला शारीरिक कारण आहे. हेरॉईनचा शेवटचा झुरका घेतल्यापासून साधारण आठ ते बारा तासांत शरीर मागणी करू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यातना कळसाला पोहोचतात आणि आठवड्याभरात ओसरतात. राज्यघटनेने पोलिसांवर आरोपी चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे बंधन घातले आहे. हे दोन हिशेब शेजारी ठेवून पाहा. ज्या प्रहरी हा माणूस आयुष्यात क्वचितच म्हणतो तसे ‘मला ह्यातून काढा’ असे कळवळून म्हणतो, नेमक्या त्याच प्रहरी आपण त्याच्या बोटांचे ठसे घेत असतो!

ही तिसरी वाट अन्यत्र कोणी पाडली आहे काय? पाडली आहे, आणि एका ठिकाणी तर ती ठाण्याच्याच दारातून निघते.

अमेरिकेत बॉस्टनच्या ईशान्येस ग्लॉस्टर नावाचे मासेमारीचे गाव आहे. १६२३ साली वसलेले. तिथल्या धक्क्यावर समुद्रात गेलेल्या पाच हजारांहून अधिक दर्यावर्दींची नावे धातूच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. माणूस घरून निघावा आणि परत येऊ नये, ह्या दुःखाची त्या गावाला चार शतकांची ओळख आहे. २०१५ सालच्या पहिल्या काही महिन्यांत त्या लहानशा गावात हेरॉईनच्या अतिमात्रेने चार माणसे दगावली. तेव्हा तिथले पोलीसप्रमुख लेनर्ड कँपानेलो यांनी मे महिन्यात फेसबुकवर एक जाहीर निवेदन केले, त्याचा आशय असा: जो कोणी व्यसनी माणूस उरलेला माल आणि सुई-सिरिंज घेऊन ठाण्यात येईल आणि मदत मागेल, त्याच्यावर खटला होणार नाही, त्याला त्याच दिवशी उपचाराला नेण्यात येईल. १ जूनपासून हे सुरू झाले. माणूस आला की त्याच्याजवळचा माल नष्ट करण्यासाठी घेत, एक पोलीस दूरध्वनीवर बसून कुठे खाट रिकामी आहे ह्याचा शोध घेई, आणि गावातला एक स्वयंसेवक त्या माणसाशेजारी येऊन बसे. ह्या स्वयंसेवकांना त्यांनी ‘एंजल’, म्हणजे देवदूत, असे नाव दिले होते. नाव थोडे गोडगोड आहे, मला ते रुचले नाही. पण काम मात्र देवदूताचेच होते, कारण ते काम म्हणजे तासन् तास नुसते बसून राहणे. टर्कीत असलेला माणूस एकटा सोडला की उठून जातो. जो खाट शोधतो त्याच्याइतकाच, खाट मिळेपर्यंत जो शेजारी बसतो तो महत्त्वाचा, हे त्या गावाने ओळखले.

पहिल्या वर्षात ३७६ माणसे ४२९ वेळा त्या ठाण्याची पायरी चढली. ह्या दोन आकड्यांत जो फरक आहे तिकडे माझे लक्ष प्रथम गेले. म्हणजे काही माणसे उपचार घेऊन गेली, पुन्हा घसरली, आणि पुन्हा आली. कुठे आली? ठाण्यात! आपल्याकडे घसरलेला माणूस ठाण्याच्या गल्लीतूनही जाणार नाही. दहांतील जवळजवळ नऊ वेळा त्यांना उपचाराच्या ठिकाणी प्रवेश मिळाला. वकील ह्या नात्याने माझ्या मनात आलेली पहिली शंका अर्थातच अशी होती की खटला न भरण्याचे अभिवचन द्यायला ह्या ठाणेदाराला अधिकार कोणी दिला? परंतु मग ध्यानात आले की ‘समज देऊन सोडले’ असे लिहायला आमच्या हवालदारालाही कोणी सनद दिलेली नाही. ग्लॉस्टरच्या यशामागचे खरे कारण अधिकाराच्या प्रश्नात नव्हतेच. मॅसॅच्युसेट्स राज्यात २००६ च्या कायद्यान्वये बहुतेक प्रत्येक रहिवाशाला आरोग्यविमा मिळालेला होता, म्हणून पोलिसाने फोन केला असता पलीकडे ‘पैसे कोण भरणार?’ हा प्रश्न पहिल्या तोंडाला येत नव्हता. ठाणेदाराची करुणा बातम्यांत आली. विम्याची तजवीज बातम्यांत आली नाही. मला विचाराल तर त्या देवदूतांचे पंख विम्याच्या कागदाचे होते.

दुसरे उदाहरण सिॲटल शहराचे. तिथे करुणेपेक्षा कंटाळा अधिक उपयोगी पडला, असे म्हणावे लागेल. अंमली पदार्थांच्या अटकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे आहे, ह्या मुद्द्यावर तिथल्या गरिबांचे वकील आणि सरकार वर्षानुवर्षे न्यायालयात झगडत होते. अखेर पोलीस, सरकारी वकील आणि बचावाचे वकील असे तिन्ही पक्ष थकून एका टेबलाभोवती बसले आणि २०११ च्या ऑक्टोबरात बेलटाउन ह्या वस्तीत त्यांनी एक योजना सुरू केली. जवळ तीन ग्रॅमच्या आतला माल सापडला, मारहाणीची पार्श्वभूमी नसली, की कोठडीऐवजी त्या माणसाला एका समाजकार्यकर्त्याच्या हाती द्यायचे. हा कार्यकर्ता त्याला प्रथम काय विचारतो? ‘नशा सोडतोस का?’ हे तो विचारत नाही. तो विचारतो, झोपायला कुठे जातोस? दात दुखतो आहे का? ओळखपत्र आहे का? नशा सोडण्याची अट त्या योजनेत नाहीच.

इथे सभागृहात थोडी चुळबुळ झाली, ती मला दिसली. माझीही प्रथम झाली होती. व्यसन न सोडणाऱ्याला सरकारी खर्चाने घर द्यायचे, हे आपल्या संस्कारात बसत नाही. परंतु वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ह्या योजनेतील माणसांची नेहमीच्या मार्गाने गेलेल्यांशी तुलना केली तेव्हा योजनेतील माणसाला पुन्हा अटक होण्याचा संभव ५८ टक्क्यांनी कमी आढळला. ह्याच्या जोडीला त्याच वॉशिंग्टन राज्यातील दुसरा एक आकडा ठेवा. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण येण्याचा धोका तिथल्या इतर रहिवाशांच्या तुलनेत १२९ पट असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कारण उघड आहे. कैदेत शरीराची सवय मोडते, मनाची ओढ मोडत नाही. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो, आणि ते माप आता विषाचे झालेले असते. तेव्हा ‘चार दिवस आत राहिला की सुधारेल’ असे जे आपण सहज बोलून जातो, त्याचा अर्थ काय होतो हे एकदा ह्या आकड्याच्या उजेडात पाहावे.

पोर्तुगालविषयी थोडक्यात बोलतो, कारण त्याची कथा आपण ऐकलेली असेल. ज्यांचा अंमल १९६१ पर्यंत आपल्या गोव्यावर होता आणि ज्यांचा दिवाणी कायदा गोव्यात अजून काही अंशी चालतो, त्या पोर्तुगीजांनी १ जुलै २००१ पासून दहा दिवस पुरेल एवढ्या मर्यादेत स्वतःसाठी अंमली पदार्थ बाळगणे हा फौजदारी गुन्हा न ठेवता प्रशासकीय उल्लंघन ठरवले. माल जप्त होतो, परंतु माणूस न्यायालयाऐवजी तीन सभासदांच्या एका आयोगापुढे जातो, आणि हा आयोग आरोग्यखात्याच्या अखत्यारीतला असतो. गंमत पाहा: गोव्याने त्यांच्याकडून दिवाणी कायदा ठेवून घेतला, आणि नशेचा कायदा मात्र गोव्यालाही दिल्लीहूनच आला.

पण ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण न सांगता पुढे गेलो तर तो वकिलीचा कावा होईल. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२० साली सार्वमताने ठरवले की अल्प प्रमाणात माल बाळगणाऱ्याला फक्त शंभर डॉलरचे तिकीट द्यायचे, आणि त्याने एका क्रमांकावर फोन करून तपासणी करून घेतली तर तेही माफ. फेब्रुवारी २०२१ पासून हे अमलात आले. तिकिटे दिली गेली. फोन फारच थोड्यांनी केले. उपचारकेंद्रांसाठीचा पैसा वेळेवर पोहोचला नाही, रस्त्यांवर उघड्यावर नशा दिसू लागली, लोक चिडले, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून तो पुन्हा गुन्हा झाला. चूक कुठे झाली? आमच्याकडे शेतकरी रात्री दारे धरायला जातो तेव्हा एका वाफ्याचे दार मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडण्यापूर्वी तो दुसरा वाफा बांधलेला आहे ना, हे कंदिलाच्या उजेडात पाहून घेतो. न पाहता दार मोडले तर पाणी गाडीवाटेने निघून जाते आणि सकाळी शेजाऱ्याशी भांडण होते. ऑरेगनात नेमके हेच झाले. दार मोडले, पुढचा वाफा बांधलेला नव्हता.

आता स्वगृही येऊ. आपल्याकडे हे दार आहे काय?

श्रोतेहो, आहे. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा हा आपल्या कठोर कायद्यांपैकी एक. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी तो अमलात आला, आणि व्यापारी प्रमाणात माल सापडला तर जामीन मिळणे म्हणजे वाघाच्या तोंडातून हाड काढण्यासारखे. परंतु ह्याच कायद्यात दोन हळवी कलमे आहेत. कलम ३९ अन्वये न्यायालय दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती घेऊन, शिक्षेऐवजी मुचलक्यावर उपचारासाठी सोडू शकते. आणि कलम ६४-अ असे सांगते की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालणार नाही. हेरॉईनच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. म्हणजे त्या आषाढातल्या रात्रीच्या मुलाची पुडी, कागदासकट तोलली असती तरी, ह्या कलमाच्या छत्राखाली बसली असती!

मग ते छत्र उघडले का नाही? एक कारण त्या कलमाच्या शब्दांतच आहे. ते संरक्षण ‘आरोप असलेल्या’ माणसाला आहे. म्हणजे आधी गुन्हा नोंदवा, आणि मग गुन्ह्यातून सुटण्याची वाट दाखवा. हवालदाराच्या हातात जो अवधी होता त्या अवधीत हे कलम जन्मालाच आलेले नसते. दुसरे, उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येते. कायदा करणाऱ्याला हे न्याय्य वाटले असेल, पण ज्याने एकही व्यसनी माणूस जवळून पाहिला आहे त्याला ठाऊक असते की घसरणे हे त्या आजाराचे लक्षण आहे. दमेकऱ्याला पुन्हा धाप लागली म्हणून कोणी त्याचे औषध बंद करीत नाही. आणि तिसरे कारण वकिलाने सांगू नये असे, म्हणून हळू आवाजात सांगतो: हे कलम वापरायला वकील लागतो. मुंबईतील एका चित्रपट अभिनेत्याला २००१ साली अटक झाली. ह्याच कलमाच्या आधारे खटल्यापासून संरक्षण मिळाले ते २०१२ साली. अकरा वर्षे! त्याच्या पाठीशी वकिलांची फौज होती म्हणून ते अकरा वर्षांत तरी मिळाले. पदराला दंडाची रक्कम बांधून आलेल्या बाईला ६४-अ हा आकडा कोण सांगणार होते? मी त्या कोर्टात हजर होतो, आणि मीही तो सांगितला नाही. माझा अशील ट्रकचालक होता. तो मुलगा माझा अशील नव्हता. ही कैफियत मी पंचवीस वर्षे स्वतःशी देत आलो आहे. ती टिकत नाही.

त्या रात्री नव्हता असा आणखी एक कायदा आज आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य आणि अंमली पदार्थांच्या दुरुपयोगातून होणाऱ्या मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले. त्याच कायद्याचे शंभरावे कलम पोलिसांना सांगते की असा आजारी माणूस भटकणारा, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा आढळला, तर त्याला आपल्या संरक्षणात घ्या, चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्या, आणि कोणत्याही परिस्थितीत त्याला कोठडीत ठेवू नका. म्हणजे पाहा, एकच माणूस. १९८५ चा कायदा त्याला आरोपी म्हणतो आणि २०१७ चा त्याला रुग्ण म्हणतो. दोन्ही कायदे एकाच संसदेचे, दोन्हींची अंमलबजावणी एकाच हवालदाराने करायची. रात्री दोन वाजता त्याने कोणते पुस्तक उघडावे? तो स्वाभाविकच ते पुस्तक उघडतो ज्यात गुन्ह्याचा रकाना भरला की त्याची जबाबदारी संपते.

ह्यावर घेतले जाणारे काही आक्षेप खरे आहेत. कोठडीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाची ‘स्वेच्छा’ ती कसली? खरे आहे. उपचाराच्या नावाखाली माणसांना साखळदंड घालणारी, मारझोड करणारी केंद्रेही आहेत. वृत्तपत्रांतून आपण वाचतो. तेही खरे आहे, आणि २०१७ च्या कायद्याने साखळीला स्पष्ट मनाई केली आहे ती उगाच नव्हे. श्रीमंताच्या मुलाला उपचार आणि गरिबाच्या मुलाला खटला असे होईल, ही भीती तर भविष्याची नाहीच, ते आज होतच आहे. ह्या सर्व आक्षेपांना माझ्याजवळ एकच उत्तर आहे: ते सर्व आक्षेप ज्या ठिकाणी माणसाला न्यायचे त्या ठिकाणाविषयी आहेत. नेण्याविषयी नाहीत.

आणि ठिकाणे किती आहेत? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. बेकायदा अंमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस माणसांपैकी केवळ एकाला आयुष्यात कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले होते. विसांतला एक. उरलेल्या एकोणीस जणांना हवालदार कुठे नेणार?

महाराष्ट्राने ह्या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी दिले होते. १९८६ साली पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, मुक्तांगण उभे राहिले. डॉ. अनिता अवचट त्याच रुग्णालयात काम करीत होत्या. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्याविषयी लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी पैसा पुढे केला. एक डॉक्टर, एक लेखक, एक वाचक दांपत्य. सरकारी आवारात खासगी माणसांनी ते काम केले, आणि रुग्ण घरी गेल्यानंतरचा पाठपुरावाही ते उपचाराचाच भाग मानत आले. पण चाळीस वर्षांनंतरही जिल्ह्याजिल्ह्याला सांगायचे नाव बहुधा तेवढे एकच सुचावे, ह्यात त्या संस्थेचा गौरव आहे तितकीच आपली नाचक्की आहे. पु. लं.च्या एका वाचनाने एक संस्था झाली. प्रत्येक तालुक्याला एकेक पु. ल. मिळणे शक्य नाही, तिथे सरकारच लागते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. नवा कायदा मी मागत नाही. ६४-अ मधील संरक्षण गुन्हा नोंदवण्याच्या आधीच्या अवधीपर्यंत मागे आणा, हे मी मागेनच. पण ते संसदेचे काम, त्याला वेळ लागेल. तोवर प्रत्येक ठाण्याच्या टेबलावरच्या काचेखाली एक क्रमांक असावा, आणि रात्री दोन वाजता तो उचलला जावा. उचलणारा माणूस ग्रामीण रुग्णालयातला असो, स्वयंसेवक असो, स्वतः नशेतून बाहेर पडलेला कोणी जुना रुग्ण असो. तो यावा आणि शेजारी बसावा. सर्पमित्राला जे साधते ते दुसऱ्या कोणाला साधू नये, असे नाही.

गेल्या महिन्यात माझे एक ओळखपत्र हरवले म्हणून दाखला घ्यायला मी त्याच ठाण्यात गेलो होतो. इमारत नवी झाली आहे, टेबल नवे, संगणक आले आहेत. काच मात्र अजून आहे. अंमलदार माझी तक्रार टंकत असताना मी सवयीने काचेखालची यादी वाचली. अग्निशमन, वीज वितरण, रुग्णवाहिका, शववाहिका, सर्पमित्र दोन, कारण गाव वाढले आहे. आणि त्यांच्याखाली, छापलेल्या अक्षरांत नव्हे, कोणीतरी बॉलपेनने नंतर लिहिलेली एक ओळ होती: व्यसनमुक्ती केंद्र, मग एक क्रमांक, आणि पुढे कंसात, सकाळी १० ते सायंकाळी ५.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पावणेनऊ झाले होते.